नव्वदला स्टिअरिंग थरथरतं, बॅलन्सिंग करूनसुद्धा

निपाणीच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. पाच वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, ५२,००० किमी पळालेली, चौदा इंची चाकं, टायर गाडीबरोबर आलेलेच. आठवड्यातून दोनदा बेळगावला येणं-जाणं. ऐंशीपर्यंत गाडी लोण्यासारखी चालते, ८५ च्या पुढं स्टिअरिंग थरथरायला लागतं, ९५ ला हाताला मुंग्या येतात आणि १०० ला उलट जरा कमी होतं. दोनदा बॅलन्सिंग (रिमला बारीक वजनं लावून चाकाचा तोल साधणं) झालं, एकदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) झालं. आता दुकानदार म्हणतोय, चारी टायर टाका. टाकू का?

इतक्यात टाकू नका. पाच वर्षांचे टायर आज ना उद्या जाणारच, ते वेगळं. पण थरथर टायरमुळंच आहे, हे अजून कुणी बघितलेलंच दिसत नाही. बेळगावात अलाइनमेंट-बॅलन्सिंगचं काम करून मला २३ वर्षं झाली. माझ्याकडं अशी गाडी आली की मी आधी मशीनकडं जात नाही, मालकाला तीन गोष्टी विचारतो: कुठल्या वेगाला, कुठं जाणवतं, आणि कधी? ब्रेक मारताना, रेस देताना की नुसतं चालताना? अर्धं निदान इथंच होतं. मराठी गिऱ्हाईक म्हणतं 'थरथरतंय', कन्नड गिऱ्हाईक म्हणतं 'अलुगाडतैती', कॉलेजची पोरं म्हणतात 'वॉबलिंग हाय अण्णा'. तिघांचा आजार मात्र वेगवेगळा असू शकतो.

तुम्ही वेग नेमका सांगितलाय, हे फार बरं केलंत. १७५/६५ आर १४ मापाचा टायर एका फेऱ्यात साधारण १.८३ मीटर जातो. म्हणजे ९० च्या वेगाला चाक सेकंदाला तेरा-चौदा वेळा फिरतं. आता रिमच्या काठाला एका जागी ३० ग्रॅम वजन जास्त आहे असं धरा. ५० च्या वेगाला ते चाकाला सव्वा किलोच्या आसपास ओढ देतं, १०० ला तेच ३० ग्रॅम जवळजवळ पाच किलोनं ओढतं. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. गावातल्या गावात फिरताना म्हणूनच काही कळत नाही.

मग १०० ला कमी का होतं, ओढ तर वाढतेच की? झोपाळा आठवा. बरोबर लयीत धक्का दिला तर लहान पोरगंही मोठ्या माणसाला उंच नेतं, लय चुकली की झोपाळा अडखळतो. पुढच्या सस्पेन्शनला आणि स्टिअरिंगलाही स्वतःची एक लय असते. चाकाचे धक्के त्या लयीवर आले की थरथर फुगते, पुढं गेले की ओसरते. बहुतेक लहान गाड्यांत ही लय ८० ते ११० च्या मध्ये कुठंतरी सापडते. तुमचं '८५ ला सुरू, ९५ ला कळस, १०० ला उतार' हे चाकातल्या दोषाचं अगदी ठरलेलं लक्षण आहे. वेग सतत वाढेल तशी थरथर सतत वाढली असती, तर मी इंजिनाची ताकद चाकाकडं नेणाऱ्या शाफ्टकडंही बघितलं असतं.

इंजिनाचा संशय काढून टाकायला एक सोपी परीक्षा करा. ९० ला पाचव्या गिअरमध्ये थरथर जाणवली की तोच वेग ठेवून चौथा टाका. इंजिनाचे फेरे वाढले, चाकाचे तेवढेच राहिले. थरथर जशीच्या तशी राहिली तर इंजिन सुटलं. यासाठी काम चालू नसलेला, मोकळा, सरळ पट्टा निवडा. वंटमुरी किंवा तवंदीच्या घाटात असले प्रयोग नकोत. चौपदरी महामार्गावर कारला तशीही १०० ची मर्यादा आहे, आणि आपला आजार त्याच्या आतच दिसतोय.

आता जागा. स्टिअरिंग हललं तर दोष बहुधा पुढच्या चाकात. बुडाखाली, सीटला आणि मागच्या फळीला जाणवलं तर मागच्या. तुमचं स्टिअरिंगच हलतंय, तेव्हा पुढची दोन चाकं. इथं एक फुकटची परीक्षा आहे, आणि ती दोन्ही वेळा कुणी केली नाही याचं मला नवल वाटतं. पुढची चाकं मागं, मागची पुढं टाका. उजवीकडची उजवीकडंच आणि डावीकडची डावीकडंच, म्हणजे दिशेचा बाण असलेला टायर उलटा फिरणार नाही. मग तोच रस्ता, तोच वेग. थरथर स्टिअरिंगमधून निघून सीटला आली तर दोष चाकाबरोबर मागं गेला, म्हणजे टायर किंवा रिम. स्टिअरिंग पूर्वीसारखंच हलत राहिलं तर चाकं निर्दोष, आणि हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), ब्रेकची डिस्क, बेअरिंग किंवा सांधे बघायचे. जॅक, पान्हा आणि अर्धा तास. एवढ्यावर चार टायरचे पैसे वाचू शकतात.

स्टेपनी पूर्ण मापाची असेल तर आणखी पुढं जाता येतं. संशयित चाकाच्या जागी स्टेपनी लावून बघायचं. पण हल्ली बऱ्याच गाड्यांत स्टेपनी बारीक मापाची देतात आणि तिच्यावर ८० ची मर्यादा लिहिलेली असते. तसली लावून ९० ला पळवू नका.

आता आपल्या भागाची खास गोष्ट सांगतो, कारण परदेशी व्हिडिओत ती कुणी सांगत नाही. चिखल. खानापूरकडची तांबडी माती आणि चिकोडी-अथणीकडची काळी, दोन्ही रिमच्या आतल्या बाजूला बसतात आणि वाळल्या की दगड होतात. एका जुलैत खानापूरहून एक गाडी आली. मालक म्हणाले, 'कालपतोर चांगली होती की ओ, आज सकाळधरनं स्टिअरिंग धरवेना.' आदल्या दिवशी शेतात गेले होते, गाडी रुतली होती, ओढून काढली. घरी आल्यावर बाहेरून स्वच्छ धुतली. मी चाक काढून पालथं घातलं तर आतल्या पोकळीत एकाच बाजूला चिखलाचा हातभर लांब थर. खुरप्यानं खरवडला आणि गंमत म्हणून वजनकाट्यावर टाकला. १४० ग्रॅम! वर ३० ग्रॅमची काय करामत असते ते सांगितलंय, यावरून समजा. वजनाचा एक तुकडाही न लावता गाडी सरळ झाली. मी पैसे घेतले नाहीत, ते आंब्याची पेटी घेऊन येतो म्हणाले, अजून आले नाहीत.

हाच चिखल दुसऱ्या रीतीनंही फसवतो. चिखल लागलेल्या चाकाचं बॅलन्सिंग केलं तर मशीन चिखलासकट हिशोब करतं आणि समोरच्या बाजूला वजन लावायला सांगतं. आठवड्यानं चिखल गळून पडतो, वजन तिथंच राहतं. म्हणजे चांगल्या चाकाला पैसे देऊन बिघडवून घेतलं. तेव्हा दुकानात चाक निघालं की तुम्ही स्वतः आत हात घालून बघा. जुनी वजनं सगळी काढायला लावा. जुन्यावर नवं, त्यावर आणखी नवं अशी तोरणं बांधलेली रिमं मी रोज बघतो.

मशीनवर शून्य आला म्हणजे काम झालं, असा समज आहे. शून्य एवढंच सांगतो की त्या मशीनवर, त्या शंकूवर चाक जसं बसलं होतं, तसं ते समतोल आहे. गाडीच्या हबवर ते तसंच बसेल कशावरून? मशीनवर चाक मधल्या भोकातून शंकूनं धरतात. शंकू चुकीच्या मापाचा असेल, भोकाच्या कडेला गंज असेल, किंवा चाक आवळून धरणारी मशीनची खिट्टी झिजली असेल तर चाक केसभर बाजूला बसतं आणि आकडा खोटा येतो. परीक्षा अशी: शून्य आला की खिट्टी सैल करा, चाक शाफ्टवर अर्धा फेरा फिरवा, पुन्हा आवळा आणि पुन्हा फिरवा. पाच ग्रॅमच्या आत आलं तर काम खरं. १५-२० दाखवलं तर मशीन किंवा बसवण्यात चूक आहे. कारागिराला हे करून दाखवा म्हणा. चांगला माणूस रागावत नाही. रागावला तर उत्तर मिळालंच.

मी स्वतः यात ठेच खाल्लीय. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका शिक्षकांच्या गाडीला पुढचे दोन टायर मीच बदलायला लावले. नवे टायर, शून्य-शून्य बॅलन्सिंग, तरी ९० ला तीच थरथर. चार दिवसांनी ते परत आले. भांडले नाहीत, नुसते म्हणाले, 'तुम्ही म्हणालात म्हणून टाकले.' ते फार लागलं. मग चाक काढलं आणि पहिल्यांदा हबच्या तोंडाकडं नीट बघितलं. जिथं रिम टेकते त्या सपाट भागावर गंजाची एक खपली होती, नखाएवढी. तिच्यामुळं चाक एका बाजूला उचललं जात होतं. तारेच्या ब्रशनं दोन मिनिटांत साफ. टायर विनाकारण गेले. तेव्हापासून माझ्याकडं चाक बसवण्याआधी हब आणि रिमची पाठ ब्रशनं घासतात, गाडी कुणाचीही असो.

बाहेरून मोठी अलॉय चाकं टाकणाऱ्यांनी इथं विशेष लक्ष द्यावं. त्या रिमांचं मधलं भोक बऱ्याचदा हबपेक्षा मोठं असतं, म्हणजे अनेक गाड्यांना चालावं म्हणून. मध्ये बारीक रिंग बसवून ती फट भरायची असते. दुकानदार ती देत नाही, पोरं मागत नाहीत, आणि चाक नटांच्या भरवशावर अंदाजानं मध्यभागी बसतं.

समतोल असूनही चाक वाकडं असू शकतं, ही गोष्ट बेळगावकरांना समजावायला सोपी आहे. उद्यमबागेत किंवा मच्छेच्या कारखान्यात लेथवर काम केलेला माणूस घरटी एक सापडतो. चकमध्ये जॉब लावल्यावर डायल (बारीक माप दाखवणारं घड्याळ) लावून 'आउट', म्हणजे फिरताना तो किती वाकडा जातो ते, बघतात, तसंच चाकाचं. एक टर्नर गिऱ्हाईक तर स्वतःचा डायल आणि चुंबकी स्टँड पिशवीत घालून आले होते, माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून. गाडी उचलून आम्ही दोघांनी मोजलं. रिम अडीच मिमी आउट! मशीननं तिला ९५ ग्रॅम वजन लावून 'समतोल' केलं होतं. अंडाकृती चाक समतोल केलं तरी अंडाकृतीच राहतं, दर फेऱ्याला गाडी उचलणार आणि टाकणार.

डायल नसेल तर गाडी जॅकवर आणि खाली स्टँडवर नीट उभी करून, जमिनीवर ठेवलेल्या विटेला पेन्सिल बांधा, टोक रिमच्या काठाजवळ आणा आणि चाक हातानं सावकाश फिरवा. फट कमी-जास्त होताना डोळ्यांना दिसते. मग तेच टायरच्या तोंडावर (रस्त्याला टेकणारा भाग) आणि बगलेवर करा. रिमला एक मिमीच्या पुढं गेलं तर माझ्या मते दुरुस्ती हवी. टायरला दीडपर्यंत मी चालवून घेतो. वाकलेली लोखंडी रिम ठोकून बऱ्यापैकी सरळ होते. अलॉय मशीनवर ओढून सरळ करतात, पण वाक मोठा असेल किंवा बारीक चीर दिसली तर ती वेल्ड करून पुढं लावायचा आग्रह धरू नका. भंगारात द्या.

एका चाकाला ८०-९० ग्रॅमपेक्षा जास्त वजन लागत असेल तर थांबायचं आणि विचारायचं, का? बऱ्याचदा टायरचा जड भाग आणि रिमचा जड भाग एकाच बाजूला आलेला असतो. हवा सोडून टायर रिमवर अर्धा फेरा फिरवला की निम्मं वजन आपोआप कमी होतं. वेळखाऊ काम आहे, म्हणून कुणी आपणहून करत नाही. तुम्हीच सांगून करून घ्या.

टायरच्या आत काय आहे, हेही विचारा. पंक्चर झाल्यावर भोकं बुजवणारं पातळ औषध आत ओतायची पद्धत आहे. ते आत साठतं, गाडी उभी असताना खाली गोळा होतं. तसल्या चाकाचं बॅलन्सिंग म्हणजे पाण्यानं भरलेल्या घागरीचं वजन नाचवत मोजणं. मशीन दर वेळी नवा आकडा दाखवतं. तुमच्याकडं दोनदा बॅलन्सिंग होऊनही टिकलं नाही, तर हे आधी आठवून बघा.

टायर खरोखर गेलेला कसा ओळखावा? हायवेच्या सर्व्हिस रोडचे खड्डे आणि ऊस ओढणाऱ्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या कडा यांनी टायरच्या आतले धागे तुटतात आणि बगलेला फोड येतो. तो दिसला की टायर बदलायचाच, तिथं चर्चा नको. दुसरा प्रकार फसवा आहे: तोंडाखालचा पोलादी पट्टा सुटतो. असा टायर ३०-४० च्या वेगालाच लंगडायला लागतो, गाडी डुलते, आणि वेग वाढला की थरथर होते. तुम्ही ऐंशीपर्यंत गाडी लोण्यासारखी म्हणताय, म्हणून मला याची शक्यता कमी वाटते. तरी टायरवर तळहात फिरवून बघा. कुठं उंचवटा, कुठं करवतीच्या दातांसारखी झीज लागते का? करवतीसारखी झीज अलाइनमेंट बिघडल्याची, आणि ठिकठिकाणी खळगे पडलेली झीज बहुतेक वेळा मेलेल्या शॉकअब्सॉर्बरची. अलाइनमेंटमुळं थरथर होत नाही, गाडी एका बाजूला ओढते आणि टायर खाते. मग ते खाल्लेले टायर थरथरतात. तुमचं अलाइनमेंट वाया गेलं नाही, पण या आजारावरचं औषध ते नव्हतंच.

वयही बघा. टायरच्या बगलेवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. तोंडावरच्या खाचांतले उंचवटे पृष्ठभागाला टेकले म्हणजे १.६ मिमी उरले, तिथं टायर संपला. आणि सकाळी पहिले चार-पाच किलोमीटर थरथर असून नंतर आपोआप जात असेल, तर गाडी बरेच दिवस एका जागी उभी राहून टायर चपटा झालेला असतो. त्याला खर्च काही नाही.

फक्त ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग हलत असेल तर वरचं सगळं विसरा. तो डिस्कचा आजार. लोक म्हणतात डिस्क वाकली, पण बहुतेक वेळा तिची जाडी एकसारखी राहिलेली नसते, आणि ०.०२ मिमीचा फरकही पायाला कळतो. तवंदी घाट ब्रेकवर उतरून खाली आल्याआल्या चाकांवर पाण्याचा पाइप मारणारे महाभाग आहेत, त्यांना माझा दंडवत. फक्त रेस देताना गाडी हलून रेस सोडल्यावर थांबत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट. मागची चाकं ओढणाऱ्या पिकअप-जीपवाल्यांनी प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडं जाणारा लांब दांडा) क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, बघावेत. तो शाफ्ट चाकापेक्षा जवळजवळ चौपट वेगानं फिरतो, म्हणून त्याची थरथर जाड नसते, बारीक गुणगुणल्यासारखी फरशीतून येते.

सांधे तपासायला दुकान लागत नाही. चाक उचलल्यावर वर-खाली धरून हलवा: खटखट आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडं धरून हलवा: टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंगची रॅक. ५२,००० वर आपल्या रस्त्यांत टाय रॉड एंड ढिला होणं काही विशेष नाही, आणि ढिला सांधा १० ग्रॅमच्या चुकीलाही ३० ग्रॅमसारखं नाचवतो. बेअरिंगचा आवाज वेगळा असतो, घूं करतं, आणि लांब वळणावर एका बाजूला भार आला की बदलतं.

तर तुमच्यासाठी क्रम असा धरा. या रविवारी टायर थंड असताना हवा दाराच्या स्टिकरवर लिहिली आहे तेवढी भरा, रिमं आतून धुवा, पुढची-मागची चाकं आपसांत बदला. चाकं काढलीच आहेत तर हब ब्रशनं घासा. सोमवारी नेहमीसारखं बेळगावला या आणि थरथर कुठं गेली ते बघा. सीटला गेली असेल तर चाकं घेऊन अशा दुकानात जा, जिथं अर्धा फेरा फिरवून दुसऱ्यांदा मोजून दाखवतात, आणि आउट बघायला सांगा. आउट एका टायरमध्ये निघाला तर त्या धुरीचे (पुढचे किंवा मागचे) दोन बदला, चार नाही. स्टिअरिंगमध्येच राहिली तर टायरच्या दुकानात जाऊच नका, सस्पेन्शनवाल्याकडं जा.

नट आवळताना चाक हवेत असतानाच हातानं सगळे बसवा, मग एक सोडून एक, समोरासमोर. एअर गननं पहिलाच नट करकचून आवळला की चाक तिरकं बसतं आणि सगळी मेहनत पाण्यात. लहान गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर लागतात, तुमचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात आहे. टॉर्क पान्हा नसेल तर गाडीतल्या पान्ह्यावर हातानंच दाबा, वर उभं राहून उड्या मारू नका. आणि साठ-सत्तर किलोमीटर झाल्यावर एकदा पुन्हा तपासा. तुमच्या हिशोबानं ते बेळगावला पोचल्यावर, चहा घ्यायच्या आधी.